तात्यांनी हात लावला नाही

व्यायामशाळेला साठ वर्षं झाली म्हणून परवा उज्जैनला देवास गेटजवळ कार्यक्रम होता. मलाही बोलावणं होतं. विनायक पारनेरकर, म्हणजे आमचे तात्या, यांच्या फोटोला भला मोठा हार घातला आणि एक गृहस्थ माइकसमोर उभे राहून सांगायला लागले, "तात्यांच्या हातात जादू होती! लंगडत आलेला माणूस त्यांनी चालता करून घरी पाठवला." टाळ्या पडल्या. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. जादू कसली डोंबलाची! मी तिसऱ्या रांगेत बसले होते, उजवा पाय लाकडी, काठी खुर्चीला टेकवलेली. त्या पायाला तात्यांनी त्या वेळी हात लावला असता, तर ती खुर्ची रिकामी राहिली असती. हे त्या गृहस्थांना माहीत नव्हतं असं नाही. पण हारतुऱ्यात असलं काही शोभत नाही ना!

म्हणून लिहायला बसले. तीस वर्षं मास्तरीण होते तरी मला भाषण येत नाही. रागावता मात्र उत्तम येतं.

तात्या कोर्टात नकलनवीस होते. निकालांच्या नकला सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायच्या, एवढं काम. त्यांच्या आजोबांनी शिंदेशाहीत हेच केलं, वडिलांनी हेच केलं. मग स्वातंत्र्य आलं, ग्वाल्हेरचं राज्य गेलं, मध्यभारत झाला, आठ वर्षांनी तोही गेला आणि मध्यप्रदेश आला. तात्यांचं टेबल होतं तिथंच राहिलं. साहेबांच्या मागचा नकाशा तेवढा दोनदा बदलला. संध्याकाळी पाच वाजता दौतीला बूच लावलं की ते सरळ व्यायामशाळेत जात. तिथं ते मल्लखांब शिकवत. खांबाला एरंडेल चोळण्यापासून पोरांच्या लंगोटाची गाठ तपासण्यापर्यंत सगळं स्वतः बघत.

आणि शिकवता शिकवता त्यांचा हात हाडा-स्नायूंना सरावला होता. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची कंबर धरली, की "तात्यांना दाखव". ते डोळे मिटून दुखऱ्या जागेवरून अंगठा फिरवायचे, मग तेल, मग आंबेहळदीचा लेप. कुणाकडून पानसुपारीसुद्धा घ्यायचे नाहीत. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, निखळलेला खांदा त्यांनी आमच्या ओसरीत बसवला होता. आमच्या गल्लीतल्या मराठी घरांत असं ठरूनच गेलं होतं की ताप-खोकल्याला डॉक्टर आणि हाडाला तात्या. त्यात कुणाला काही चुकतंय असं वाटायचं नाही. मलाही वाटलं नसतं.

तात्यांचा एकुलता एक मुलगा श्रीधर. एकोणपन्नास सालापर्यंत उज्जैनमध्ये त्याच्यासारखा खांबावर चढणारा पोरगा नव्हता, हे मी नाही, लोक सांगतात. पहिल्या पंधरा ऑगस्टला फ्रीगंजच्या मैदानात खांब रोवला होता, आणि तेरा वर्षांचा श्रीधर त्याच्या टोकावर पोटावर आडवा तोलून, हातात तिरंगा धरून होता. मी पाच वर्षांची, अण्णांच्या खांद्यावर. मला फक्त इतकं आठवतं की अहल्याकाकू, म्हणजे श्रीधरची आई, वर बघतच नव्हती. ती पदराचं टोक दातांत धरून जमिनीकडे बघत होती.

आता घट्ट्याचं सांगते, कारण सगळं तिथंच आहे. खांबाला मांडीची पकड घालून घालून पोरांच्या मांडीला आतल्या बाजूला, गुडघ्याच्या वर, कातडी जाड होऊन घट्टा पडतो. इतरत्र लोक तो लपवतील. आमच्या व्यायामशाळेत तो मिरवायचे. तात्यांनीच प्रथा पाडली होती की दसऱ्याला खांबाची पूजा झाली की पोरांनी ओळीनं उभं राहायचं, तात्या प्रत्येकाच्या घट्ट्यावर अंगठा दाबून बघणार, हळदकुंकू लावणार, आणि ज्याचा घट्टा सगळ्यांत मोठा त्याला खांबावर पहिल्या सलामीचा मान. खांबानं तुला आपला म्हटलं, असं ते म्हणायचे. पोरं त्या मानासाठी जीव टाकायची. दुखलं तर सांगायची सोय नव्हती. दुखतं म्हणणारा पोरगा म्हणजे बायल्या.

एकोणपन्नास सालच्या श्रावणात श्रीधरची डावी मांडी गुडघ्याच्या वर दुखायला लागली. पडला नव्हता, लागलं नव्हतं. तात्यांनी अंगठा फिरवला आणि सांगितलं, पकड जास्त झाली आहे. रोज सकाळी कोर्टात जायच्या आधी अर्धा तास ते त्याला मालिश करायचे. मालिश झाली की श्रीधर म्हणायचा, बरं वाटतंय. वडिलांना काय सांगणार दुसरं? अहल्याकाकू एकदा म्हणाली, "अहो, पोरगा झोपेत कण्हतो हो. खांबावर तर नसतो ना तेव्हा?" तात्या म्हणाले, "वाढतं वय आहे. हाडं लांबतात." काकू मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक द्यायला लागली.

दसऱ्याला पोरं ओळीनं उभी राहिली. श्रीधरच्या डाव्या मांडीवर लिंबाएवढी गाठ. दुसऱ्या कुणाचा घट्टा तिच्या पासंगालाही पुरत नव्हता. तात्यांनी अंगठा दाबला तेव्हा श्रीधरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तात्या हसून म्हणाले, "दुखतंय? दुखायलाच पाहिजे!" आणि त्यांनी त्या गाठीला हळदकुंकू लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे अण्णाही होते त्यात, त्यांनीही वाजवल्या. पहिली सलामी श्रीधरनं दिली.

डिसेंबरात श्रीधर खांबावरून पडला नाही. घराच्या ओट्याची एक पायरी उतरला, आणि मांडीचं हाड मोडलं. एक पायरी! पंधरा वर्षांच्या, दूध-भाकरी खाणाऱ्या पोराचं हाड असं मोडत नाही, हे कळायला डॉक्टर लागत नाही. तात्या त्याच्यापाशी बसले आणि हात जोडून बसावं तसे नुसते बसून राहिले. अण्णांनीच मग टांगा आणला.

आमच्याकडे तेव्हा एक्स-रे म्हणजे इंदूर. फतेहाबादला गाडी बदलून अण्णा आणि तात्या त्याला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला, मग छातीचाही काढला, आणि विचारलं, "मालिश कौन करता था?"

"मैं," तात्या म्हणाले.

"कितने दिन?"

"चार महीने. रोज."

अण्णा सांगायचे की डॉक्टर रागावले नाहीत, आणि रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "देखिए, मालिश से यह बीमारी नहीं होती. हड्डी का कैंसर है, क्यों होता है कोई नहीं जानता. लेकिन जब यह सिर्फ पैर में था, तब आपके पास समय था. अब छाती में है."

सव्वीस जानेवारीला पहिला प्रजासत्ताक दिन. घड्याळाच्या टॉवरकडे निघालेला बँड गल्लीतून गेला तेव्हा श्रीधरनं आईला खिडकी लावायला सांगितलं. फाल्गुनात, रंगपंचमीच्या चार दिवस आधी तो गेला. चक्रतीर्थाच्या स्मशानात तात्यांनी त्याला अग्नी दिला. आमच्या गल्लीत त्या वर्षी रंग खेळले नाहीत.

तात्या महिनाभर व्यायामशाळेत फिरकले नाहीत. लोकांना वाटलं, संपलं. पण ते परत आले, आणि दसऱ्याला जेव्हा नेहमीप्रमाणे हळदकुंकवाचं तबक मांडलं गेलं तेव्हा त्यांनी ते उचललं आणि आत नेऊन ठेवलं. कमिटीतलं कुणीतरी म्हणालं, "तात्या, परंपरा आहे." तात्या म्हणाले, "परंपरा मीच सुरू केली होती. मीच बंद करतो." मग पोरांकडे वळून म्हणाले, "घट्टा दोन्ही मांड्यांना असतो आणि दाबला तर दुखत नाही. एकाच पायाला असेल, आत असेल, वाढत असेल, तर तो घट्टा नाही. मला सांगायचं. घरी आई-बापाला सांगायचं. लपवलं तर मी खांबाला हात लावू देणार नाही."

त्यानंतर तात्यांकडे दुखणं घेऊन जाणं म्हणजे एक चौकशीच झाली. कधीपासून दुखतं? लागलं होतं का, खरं सांग? चालताना दुखतं की पडून राहिलं तरी दुखतं? झोपेतून उठवतं का? सूज एकाच बाजूला आहे का? काल लचकलेला पाय असेल तर ते आधीसारखं तेल लावून द्यायचे, दोन दिवसांत माणूस बरा. पण दोन-तीन आठवडे उलटले, दुखणं एका जागी ठाण मांडून बसलं आणि वाढत चाललं, की तात्या दोन्ही हात पाठीमागे न्यायचे. खरंच न्यायचे, एकात एक अडकवून. "याला मी हात लावणार नाही. इंदूरला चला." आणि नुसतं सांगून मोकळे नाही व्हायचे. रविवार जोडून रजा काढून, पोराला आणि त्याच्या बापाला घेऊन स्वतः जायचे.

लोकांनी काय केलं? हसले. दुसरं काय करणार! सहा वर्षांत तात्यांनी दहा-बारा पोरं नेली. बहुतेकांच्या फोटोत काही निघालं नाही. दुखणी बहुतेक साधीच असतात, डॉक्टरही तेच म्हणत. एकाला हाडाचा टीबी निघाला, एका मुलीच्या हाडात पू झालेला होता. ती दोघं औषधांनी बरी झाली, आणि बरी झाली म्हणून विसरलीही गेली. बाकीच्या पोरांचे बाप परत येऊन टॉवर चौकात चहा पिताना सांगायचे, "खामखा चक्कर झाला यार." पोरांनी नाव पाडलं, एक्स-रे तात्या. बायका हळू आवाजात बोलायच्या की मुलगा गेल्यापासून त्यांना सगळ्यांच्या पायात तेच दिसतं. मालिशीला लोक दुसरीकडे जायला लागले. माझी आईही म्हणायची, बिचाऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे.

आता माझी पाळी.

छप्पन साली मी चौदा वर्षांची होते. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला नवं राज्य होणार आणि राजधानी भोपाळला जाणार असं ठरलं. अण्णा, सुधाकर मुळे त्यांचं नाव, शिक्षण खात्यात होते. त्यांना हुकूम आला, भोपाळच्या नव्या ऑफिसात हजर व्हा. घरात बांधाबांध सुरू झाली. मी भोकाड पसरलं. माझी शाळा इथं, माझी मैत्रीण मीरा इथं, मी मुळीच येणार नाही, असं मी दोन दिवस न जेवता जाहीर केलं होतं. आणि त्याच सुमाराला माझा उजवा पाय गुडघ्याखाली दुखत होता.

बघा म्हणजे! कोण विश्वास ठेवणार? आई म्हणाली, "नाटकं पुरे झाली सुलू. भोपाळला जायचं म्हटल्यावर बरा पाय दुखायला लागला!" खरं म्हणजे तो गणपतीच्या आधीपासून दुखत होता, पण तेव्हा मी सांगितलं नव्हतं. लंगडीत घसरून पडले होते एकदा, मला वाटलं तेच असेल. आई म्हणाली तसं मी स्वतःलाही विचारलं की मी नाटक करते आहे का. मुलांना मोठ्यांनी चारदा सांगितलं की त्यांना खरंच वाटायला लागतं. मी बोलणं बंद केलं.

तात्या समोरच राहायचे. एका सकाळी ते कोर्टात निघाले होते आणि मी पुस्तक विसरले म्हणून शाळेतून परत येत होते. आमच्या घराला तीन पायऱ्या. मी वर चढले आणि मागून हाक आली, "सुलू, थांब. पुन्हा खाली ये. आता वर चढ." मी चढले. "प्रत्येक पायरीला डावाच पाय आधी का टाकतेस?"

मी म्हटलं, सवय आहे. त्यांनी बाकीचं विचारलं. मला इंदूरला जायचं नव्हतं, आणि शाळेत सगळे हसतील ही भीती होती, म्हणून मी धडधडीत खोटं बोलले. रात्री दुखत नाही, झोप छान लागते.

"बरं. रात्री पाय कुठे ठेवतेस?"

"लोडावर," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर कळलं की काय बोलून बसले.

तात्यांनी परकर गुडघ्यापर्यंत उचलायला सांगितला, आईला हाक मारून तिच्यासमोर. नुसतं बघितलं. एका नडगीवर वरच्या बाजूला फुगीर होतं, दुसरीवर नव्हतं. आई म्हणाली, "आता बघताच आहात तर हात तरी फिरवा. थोडं तेल लावून द्या, प्रवासात त्रास नको." तात्यांचे हात पाठीमागे गेले.

"वहिनी, उद्या इंदूरला."

अण्णा आतून आले. हातात सुतळीचा गुंडा. "तात्या, पहिल्या तारखेला मला हजर व्हायचं आहे. आठ दिवस राहिलेत. भोपाळला क्वार्टर मिळालं की तिथं दाखवू."

"क्वार्टर कधी मिळेल?"

"दोन महिने लागतील. तीन लागतील."

"तू जा भोपाळला सुधाकर. पोरीला मी नेतो."

आणि मग आई बोलली. ती वाईट बाई नव्हती, हे मी आज सांगते. घाबरलेली होती. ती म्हणाली, "तुमच्या श्रीधरचं झालं ते झालं. माझ्या पोरीला अपशकून करू नका. तुम्हाला प्रत्येक घरात एक श्रीधर पाहिजे आहे का?"

अण्णांच्या हातातला गुंडा खाली पडून दारापर्यंत घरंगळत गेला. तात्यांचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आता हे जातील आणि आयुष्यात आमच्या घरी येणार नाहीत. ते गेले नाहीत. आमच्या बांधलेल्या ट्रंकेवर बसले. म्हणाले, "वहिनी, मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. पण पोरगी उद्या द्या." मग ते तिथंच बसले. कोर्टाची वेळ झाली, टळली. पंचवीस वर्षांत न सांगता गैरहजर राहिलेला तो त्यांचा पहिला दिवस. आईनं चहा विचारला नाही, त्यांनी मागितला नाही. अहल्याकाकू येऊन दारात उभी राहिली, पण उठा म्हणाली नाही.

दुपारी दोन वाजता अण्णा चिडून म्हणाले, "न्या! न्या घेऊन. मीही येतो. काही निघणार नाही, आणि मग या घरात पुन्हा या विषयाचं नाव काढायचं नाही."

"काही निघालं नाही तर सगळ्या गल्लीला पेढे वाटीन," तात्या म्हणाले.

इंदूरला डॉक्टर वेगळे होते, खोली तीच, असं अण्णा नंतर म्हणाले. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मला त्यात काय कळणार, पांढरं हाड आणि त्याच्या कडेला बाहेर निघालेल्या बारीक बारीक रेघा, लहान मुलं सूर्य काढतात तशा. पण डॉक्टर बोलायच्या आधीच तात्या भिंतीला टेकले. त्यांनी एकच विचारलं, "डॉक्टरसाहब, छाती?"

छातीचा फोटो काढला. तो येईपर्यंत तात्या बाकावर बसून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. मी विचारलं, रामरक्षा का? ते म्हणाले, "नाही ग. मला काही आठवतच नाही आहे." छाती स्वच्छ होती. डॉक्टर म्हणाले, "फौरन बंबई ले जाइए. हड्डी का टुकड़ा जाँचना पड़ेगा. और अच्छा हुआ कि जल्दी आ गए."

मुंबईला परळच्या हॉस्पिटलात हाडाचा तुकडा काढून तपासला, आणि जे होतं ते निघालं. पाय गुडघ्याच्या वर कापावा लागेल, म्हणाले. खात्री त्यांनीही दिली नाही. एवढंच म्हणाले की आज कापला तर आशा आहे, आणि दर आठवड्याला ती कमी होईल. आई म्हणत होती की निदान संक्रांतीपर्यंत थांबू, एखाद्या वैद्याला दाखवू. अण्णांनी सही केली. पहिल्या तारखेला नवं राज्य झालं तेव्हा अण्णा भोपाळला नव्हते, माझ्या खाटेशी होते.

शुद्धीवर आल्यावर मी पांघरुणाकडे बघितलं. एका बाजूला ते सपाट होतं. मी जे किंचाळले ते अजून माझ्या कानांत आहे. त्या दिवशी मला जगल्याचं काही कौतुक नव्हतं. मी चौदा वर्षांची होते आणि मला माझा पाय पाहिजे होता.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. दर काही महिन्यांनी छातीचा फोटो, दर वेळी घरातले सगळे आठ दिवस आधीपासून मुके. असं बरीच वर्षं. मी बी.ए. झाले, नोकरी केली, पोरांना बडवलं, त्यांच्याकडून शिव्या खाल्ल्या. तात्या एकाहत्तर साली हृदयविकारानं गेले. तोवर त्यांनी आणखी किती जणांना इंदूरला नेलं ते मला माहीत नाही. त्यांतली दोन मुलं उशिरा पोचली आणि वाचली नाहीत, एवढं माहीत आहे. त्या दोन्ही घरी ते दहाव्याला गेले होते. पण मला सांगायचं आहे ते छप्पनच्या डिसेंबरातलं.

आम्ही उज्जैनला परत आलो होतो. अण्णा एकटेच भोपाळला गेले. मी खिडकीजवळच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. तात्या रोज कोर्टातून आल्यावर दारात उभे राहायचे आणि आईला विचारायचे, "जेवली का?" मी वळायची नाही. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या आणि चुकचुकायच्या, आणि त्यांच्यातली एक म्हणाली होती की तात्यांनी नेलीच नसती तर पोरीचा पाय तरी राहिला असता. ते माझ्या मनात घट्ट बसलं होतं. मी त्यांचा द्वेष करत होते. अगदी मनापासून.

मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उरलेल्या मांडीला रोज हलक्या हातानं मालिश करायची आणि पट्टा आवळून बांधायचा, तर ती लाकडी पायासाठी तयार होईल. आई वाटीत तेल घेऊन यायची, पांघरूण काढायची आणि रडायला लागायची. मी ओरडायची. शेवटी मी कुणालाच हात लावू देईना. पंधरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी आई, जिनं त्यांना अपशकुनी म्हटलं होतं ती माझी आई, पदर डोक्यावर घेऊन समोरच्या घरी गेली आणि तात्यांना घेऊन आली.

ते खाटेशी उभे राहिले. हात धुऊन आले होते, ओले होते अजून. मी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हटलं, "मला नको तुमची मालिश. माझा पाय तुम्ही घेतलात."

"सुलू!" आई ओरडली.

"बोलू द्या वहिनी. बरोबर बोलते आहे ती." तात्यांचा आवाज अगदी साधा होता, कोर्टात नकल वाचून दाखवावी तसा. "हो सुलू, मीच घेतला. तुझ्या अण्णांनी सही केली, डॉक्टरांनी कापला, पण घेतला मी. माझ्या श्रीधरचा नाही घेतला मी. त्याला दोन्ही पायांसकट चक्रतीर्थावर नेला."

दारात अहल्याकाकू उभी होती. मग मी वळले आणि स्वतःच पांघरूण बाजूला केलं. तात्या खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी तेलाची वाटी जवळ ओढली.